अकरावा वाटा

राखीनं आमचं गाव लॅपटॉपमध्ये घालून आणलं तेव्हा मी कूलरच्या टाकीत पाणी ओतत होतो. मे महिना, फुलचूरचं ऊन, सकाळी दहालाच भिंती तापलेल्या. ती नागपूरहून पहिल्या गाडीनं आली आणि पाठीवरची बॅग उतरवायच्या आधीच म्हणाली, "बाबा, पाणी मग भरा. आधी इकडं या." माझी मुलगी तिच्या आईवर गेली आहे. विनंतीसुद्धा हुकमासारखी करते, आणि आमच्याकडच्या बायांसारखी 'करतो', 'जातो' म्हणते.

पडद्यावर एक नकाशा होता. मधोमध निळा तलाव, त्याला धरून एक काळी वाकडी रेघ, म्हणजे त्याची मातीची पाळ, आणि रेघेच्या खालच्या अंगाला बारीक बारीक चौकोन. मी चष्मा पुसला. मग एकेक चौकोन ओळखू यायला लागला. हे दुर्गाप्रसादचं किराणा दुकान. हा गुरं जमायचा आखर. ही गावाच्या पार दुसऱ्या टोकाची शाळा, जिथं मी एकोणीस वर्षं पोरांना पाढे शिकवले, आणि तिच्या मागची सागाची टेकडी. आणि हे, तलावाच्या पाळीपासून चार पावलांवरचं, आमचं घर.

"दारातलं कवठाचं झाड कुठं आहे?" मी विचारलं.

"झालं तुमचं सुरू. यात झाडं नाहीत, माणसं आहेत." तिनं एक बटण दाबलं, आणि चौकोनांतून चारशे बारा ठिपके बाहेर पडून चालायला लागले.

चोरखमाऱ्याच्या अलीकडं आमचं गाव. नाव सांगून उपयोग नाही, एसटीच्या कंडक्टरलाही ते दोनदा सांगावं लागायचं. बदली झाली, मग मुलीचं शिक्षण, मग निवृत्ती. गाव सुटून वीस वर्षं झाली. फुलचूरमध्ये वाईट काही नाही. नळ येतो, दवाखाना जवळ आहे. पण इथं सकाळी उठल्यावर तलावाचा वास येत नाही. पावसाळ्यात भरलेल्या तलावाचा, शिंगाड्याच्या वेलांचा तो गारेगार वास आठवला की मी चिडतो, आणि मग शेजाऱ्यांच्या टीव्हीच्या आवाजावर ओरडतो. त्या पडद्यावर माझं गाव चालत होतं, त्यात मेलेली माणसंही चालत होती, आणि मी शेजाऱ्यांना विसरलो.

राखीचं काम असं: पूर आला, आग लागली, चेंगराचेंगरी झाली, तर माणसं कशी वागतील हे संगणकाकडून काढून घ्यायचं. प्रत्येक ठिपक्याला ती वय देते, चालण्याचा वेग देते, तो आधी कुणाला शोधेल ते सांगते, आणि भीती देते. शून्य ते दहा. भीती वाढली की ठिपका पळतो आणि विचार नंतर करतो.

"हे समजायला एवढं शिकावं लागलं तुला?" मी म्हटलं.

"टोमणे नंतर मारा. नीट ऐका." मग तिनं समजावून सांगितलं. आपल्या भागात जुने गावतलाव पुष्कळ आहेत. कोणत्या गावात भोंगा कुठं लावायचा, लोकांना कोणत्या वाटेनं बाहेर काढायचं, हे तिच्या मॉडेलवरून ठरणार. पण त्यावर विश्वास बसायला आधी ते एखाद्या घडलेल्या प्रसंगावर घासून पाहावं लागतं. जे खरोखर झालं तेच पडद्यावर झालं, तर मॉडेल पास. तिनं आमच्या गावाचा चौऱ्याण्णव सालचा प्रसंग निवडला होता. पाळ गळायला लागली आणि तरी फुटली नाही, तो दिवस. गावातल्या सोळा म्हाताऱ्यांना तिनं फोन करून, भेटून विचारलं होतं. सतरावा मी.

"घरच्याला शेवटी ठेवला," ती म्हणाली, "कारण तुम्ही चुका काढत बसता."

आणि मी चूक काढलीच. तिथूनच सगळं सुरू झालं.

तिनं प्रसंग चालवून दाखवला. भादव्यातला रविवार, दुपार, दोन दिवसांची पावसाची झड. पाळीच्या अकराव्या वाट्यावर, म्हणजे अकराव्या तुकड्यावर, खेकड्याच्या बिळातून पाणी सुटतं. लाल खूण दिसते, ती मोठी होत जाते. बारा मिनिटांत कुणी तणस, म्हणजे भाताचा पेंढा, आणि माती कोंबली नाही तर पाळ फुटणार. शेजारच्या घरांतले दोन ठिपके धावत गेले, नऊ मिनिटांत लाल खूण विझली, बाकी सगळं गाव टेकडीवर पोचलं. राखी खूश.

"असा नसते, राखी," मी म्हणालो. "सफा चूक आहे हे."

"काऊन?"

"दुसऱ्याच्या वाट्यावर कोणी जात नाही."

तिला हे ठाऊक नव्हतं, आणि मला शिकवायला मिळालं की मी थांबत नाही. तलाव आमच्या पूर्वजांनी खोदला. पाळ बांधून झाली तेव्हाच तिचे सेहेचाळीस वाटे पाडले, घरागणिक एक, हद्दीवर दगड पुरून. चैतात ज्यानं त्यानं आपापल्या वाट्यावर माती टाकायची, आणि धोका असला की आपापल्याच वाट्यावर जाऊन उभं राहायचं. तलावाचं पाणी वाटणारा तो पाणकर, आमच्याकडं सुकराम होता. तो रिकामा डबा बडवत निघायचा. डबा वाजला की प्रत्येक घरातून एक पुरुष, खांद्यावर फावडा, डोक्यावर तणसाचं पोतं, गावातून पळून जायचं सोडून सरळ पाण्याकडं धावायचा. शहाणी माणसं पाण्यापासून लांब पळतात. आम्ही पाण्याकडं पळायचो, आणि तेही गळती कुठं आहे ते न बघता, आपल्या दगडाशी. शेजारच्या वाट्यावर पाय ठेवणं म्हणजे 'तुझ्या घरात माणूस नाही' असं तोंडावर सांगणं. मग सुकराम पाळीच्या एका टोकापासून निघायचा आणि वाट्यावाट्याला थांबून घरधन्याचं नाव पुकारायचा. 'हाय' असं उत्तर आलं की पुढं. नाही आलं, तरच दुसऱ्याला तिथं पाठवायचा.

"म्हणजे हजेरी," राखी म्हणाली.

"हजेरीच."

"बापरे. आणि अकरावा वाटा आपलाच ना?"

"आपला. घरापासून लांब, पार वळणावरचा."

ती माझ्याकडं पाहून हसली. बैठकीच्या भिंतीवर ग्रामपंचायतीनं दिलेलं सन्मानपत्र आहे: संकटसमयी पाळ राखल्याबद्दल श्री. परसराम गुरुजी यांस. तिसरीत असताना तिनं त्यावर निबंध लिहिला होता, 'माझे बाबा'. तिनं नवा नियम घातला: कुणीही दुसऱ्याच्या वाट्यावर जाणार नाही. मग वही उघडली आणि मला विचारायला बसली.

"डबा वाजला तेव्हा तुम्ही कुठं होते?"

"शाळेत. रजिस्टर पुरं करत होतो."

"मग?"

"मग काय. धावलो पाळीकडं."

"भीती किती वाटली? शून्य ते दहा."

"दोन," मी म्हणालो.

शाळेत होतो हे खरं. बाकी सगळं खोटं.

डबा वाजला तेव्हा मी रजिस्टर मिटलं, बाहेर आलो, गावाकडं दोन पावलं टाकली आणि वळलो. शाळेमागच्या टेकडीवर चढलो. कुणी ढकललं नाही, कुणी बोलावलं नाही. पाय गेले. बायापोरं जमतात त्याच्याही वर, आडबाजूला, सागाच्या बुंध्याला पाठ लावून बसलो आणि माझे दात वाजत होते. अठ्ठावीस वर्षांचा होतो. घरी शांती एकटी होती, पाच महिन्यांची गरोदर, आणि मला ती आठवलीसुद्धा नाही. ही गोष्ट मी आज पहिल्यांदा लिहितो आहे.

कितीतरी वेळानं पाऊस जरा उघडला, तेव्हा खाली पाळीवर, वळणावरच्या मोहाच्या झाडाखाली, आमच्या वाट्यावर एक हिरवं लुगडं दिसलं. तेव्हा कुठं उठलो. धावत, घसरत, पडत खाली गेलो. पोचलो तर शांती गुडघ्यापर्यंत चिखलात, तणसाचं पोतं बिळात कोंबून त्यावर माती लोटून पायानं दाबत उभी होती. पाणी थांबलं होतं. तिनं माझ्याकडं पाहिलं. कुठं होता, असं विचारलं नाही. तेवढ्यात दहाव्या वाट्यावरून सुकरामची हाक आली.

"धरा हा फावडा," ती म्हणाली. "धरा म्हणतो ना! नाव पुकारून राहिला तो."

मी फावडा धरला. ती पाळीच्या उतारावरून खाली उतरली आणि घराकडं निघून गेली. सुकराम वळणावर आला. "परसराम!"

"हाय," मी म्हणालो.

दोन्ही बाजूच्या वाटेकऱ्यांनी काही पाहिलं की नाही, कोण जाणे. पाहिलं असेल तर बोलले नाहीत. आणि आयुष्यभर मी वर्गात रोज हजेरी घेतली. दुसऱ्याच्या नावावर 'हजर' म्हणणाऱ्या पोरांना बाकावर उभं केलं. छड्याही मारल्या. विसरायची सोय नव्हती.

राखीनं माझं उत्तर मॉडेलमध्ये भरलं आणि प्रसंग पुन्हा चालवला. माझा ठिपका शाळेतून निघाला. पोरगी कौतुकानं बघत होती. ठिपका आखराशी आला तेव्हाच बारा मिनिटं संपली. लाल खूण फुगली, रेघ तुटली, निळं पाणी चौकोनांवर पसरलं. दुर्गाप्रसादचं दुकान गेलं. आमचं घर गेलं.

"अरे," राखी म्हणाली.

तिनं माझा वेग वाढवला. पाळ फुटली. मला शाळेच्या फाटकात उभं केलं. पाळ फुटली. दुपारी जेवताना ती एका हातानं घास घेत होती, एका हातानं बटणं दाबत होती. शांती असती तर तिनं ताट ओढून घेतलं असतं. संध्याकाळपर्यंत आमचं गाव तीसएक वेळा बुडालं, आणि दर वेळी मी आखराजवळ कुठंतरी धावत होतो.

"बाबा, चिखलात दीड किलोमीटर बारा मिनिटांत? तुम्ही धावले तरी कसे? आठवा ना. सायकल होती का?"

"नव्हती."

"मग आपला नियम चुकीचा आहे. जवळचा माणूस गेला असेल."

"नियम बरोबर आहे," मी खेकसलो. कशाला खेकसलो? सुटायची वाट तिनंच उघडून दिली होती. हो म्हटलं असतं तर सगळं मिटलं असतं. पण सेहेचाळीस घरांचा इतका जुना रिवाज मी माझ्यासाठी खोटा पाडू? ते मात्र जमेना.

ती खुर्चीत मागं रेलली. "मग ही घटनाच सोडावी लागेल. परवा द्यायचं आहे सगळं. दुसऱ्या कोणत्या गावाची घटना घेतो." आणि मग वही चाळत, सहज म्हणाली, "आणखी एक जुळत नाही. बुधरामकाका म्हणाले, ते त्या दिवशी वनखात्याच्या कामावर टेकडीवर होते, आणि तिथं एक माणूस बसला होता. झाडाला टेकून. कोण होता विचारलं, तर म्हणे आठवत नाही. चारदा विचारलं. म्हणे, 'मले नाही आठवत बाई, तू कायले त्याच्याच मागं लागून राहिलीस?' बाकी सगळं आठवते त्यांना. कोणाची गाय कुठं होती, ते पण."

बुधराम. तीस वर्षं तो मला बाजारात भेटला, तंबाखू मळून दिली, पोरांचं विचारलं. त्यानं मला पाहिलं होतं हे मला आजवर ठाऊक नव्हतं.

मी उठून उगाच पाणी प्यालो. पडद्यावर गाव पुन्हा पहिल्या जागी आलं होतं. आमच्या चौकोनात एकच ठिपका होता.

"ही कोण?" मी विचारलं, माहीत असून.

"आई. डबा वाजला की टेकडीकडं जाते. सगळ्या बाया जातात तशी." राखीनं बटण दाबलं. तो ठिपका घरातून निघाला, आखर ओलांडला आणि इतर बायांच्या घोळक्यात मिसळून टेकडी चढायला लागला.

शांतीला जाऊन चार वर्षं झाली. ती कधी बोलली नाही. दर दिवाळीला ते सन्मानपत्र खाली काढायची, काच पुसायची, परत लावायची. मला वाटायचं, एकदा तरी टोमणा मारावा हिनं, मी सुटेन. एकदा मीच विषय काढला होता. तांदूळ निवडता निवडता म्हणाली, "मानूस भेतेच. वापस आले ना तुमी? मंग झाला." आणि सुपातले खडे फेकून दिले. आता ती पडद्यावर माझ्या टेकडीवर चढत होती. माझ्या झाडापाशी. मला ते बघवेना.

"थांबव," मी म्हणालो. "ती तिकडं गेली नाही. तिकडं मी गेलो."

राखीला कळायला वेळ लागला. मी उभ्यानंच सगळं सांगितलं: टेकडी, घरी एकटी गरोदर शांती, हिरवं लुगडं, फावडा, सुकरामची हाक. सांगताना मी तिच्याकडं बघत नव्हतो, भिंतीवरच्या काचेकडं बघत होतो, आणि काचेत मला माझंच तोंड दिसत होतं. बुधरामला दिसलेला माणूस कोण, हे वेगळं सांगावं लागलं नाही. कूलर घरघरत होता. माझी मुलगी माझ्यावर ओरडेल असं वाटलं होतं. तिनं फक्त चष्मा काढला आणि ओढणीनं पुसत बसली.

"मी निबंध लिहिला होता," ती म्हणाली.

"हो."

"आईनंच सांगितला होता. मी लिहीत होतो आणि ती सांगत होती." तिनं भिंतीवरच्या सन्मानपत्राकडं पाहिलं. "कोणत्या रंगाचा फावडा, ते पण सांगितलं तिनं."

मी खाली बसलो. तिनं चष्मा लावला, लॅपटॉप जवळ ओढला. कामाचा आवाज आणला, पण तो काही नीट बसला नाही.

"तुमची भीती किती लिहू?"

"दहा."

"आईची?"

शांतीला कशाची भीती, असं गावात सगळे म्हणत. पण त्या संध्याकाळी मी तिला पाहिलं होतं. भात टाकायला तिनं तांदूळ घेतले आणि अर्धे चुलीपुढं सांडले. रात्रभर तिनं माझा सदरा मुठीत धरून ठेवला होता.

"तिचीही दहाच लिही."

"दहाची भीती दिली तर ठिपका पाण्यापासून लांब पळतो, बाबा. मॉडेलच तसं आहे."

"ठाऊक आहे. माझ्यासाठी बरोबर आहे तुझं मॉडेल. तिच्यासाठी बदल."

तिनं काहीतरी लिहिलं, पुसलं, पुन्हा लिहिलं. मग बोटं थांबली. "गरोदर असली की वेग कमी धरावा लागते. किती महिने होते?"

"पाच."

भादव्यातले पाच महिने. राखीचा जन्म जानेवारीतला. ती हिशोब करते आहे हे मला दिसलं, आणि हिशोब पूर्ण झाला तेही. तिनं पडद्यावरच्या त्या ठिपक्याला बोट लावलं. वेग कमी केला आणि बटण दाबलं.

डबा वाजल्याची खूण झाली. शाळेतून माझा ठिपका टेकडीवर चढला आणि तिथं थांबला. बायापोरं त्याच्या मागून येत होती. आणि आमच्या घरातून एक ठिपका निघून, सगळ्या बायांच्या उलट्या दिशेनं, हळूहळू पाळीकडं चालायला लागला. फार हळू. लाल खूण वाढत होती. तीन मिनिटं. पाच. मी खुर्चीची कड धरली होती, जसं काही अजून काही व्हायचं बाकी होतं. सातव्या मिनिटाला ती अकराव्या वाट्यावर पोचली. लाल खूण थांबली, बारीक झाली, विझली. काळी रेघ अखंड राहिली. दुर्गाप्रसादचं दुकान, आखर, आमचं घर, सगळं जागच्या जागी.

"जुळलं," राखी हळूच म्हणाली. पण बंद केलं नाही तिनं. पाळीच्या टोकाकडून सुकरामचा ठिपका निघाला होता, आणि आम्ही दोघं त्याच्याकडं बघत बसलो. पहिला वाटा. दुसरा. दर दगडाशी थांबत, नाव पुकारत तो येत होता. नववा. दहावा. मग वळणावर आला आणि थांबला.

इथंच मी 'हाय' म्हणालो होतो. या खेपेला मी तोंड उघडलं नाही.

"हाय," राखी म्हणाली.